वाळूवरचं घर : मांद्रेतल्या तीन रात्री

"समुद्राला अगदी लागून" असं जाहिरातीत लिहिलं होतं. फोटोत व्हरांडा, व्हरांड्यात झोपाळा आणि झोपाळ्याच्या पलीकडे सरळ पाणीच. बेळगावच्या संक्रांतीच्या थंडीत रजई गुंडाळून असा फोटो बघितल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील सांगा! आम्ही चौघींनी पैसे गोळा केले, एकीच्या ताईला गाडीसकट पटवलं आणि जानेवारीतल्या एका शुक्रवारी चोर्ला घाट उतरलो. साखळी, म्हापसा, शिवोली करत चोपड्याचा पूल ओलांडला की पेडणे तालुका लागतो. आमचं गाव मांद्रे.

घर होतं. झोपाळाही होता. समुद्र मात्र दिसेना! व्हरांड्यासमोर सुरूची चार-सहा झाडं आणि त्यापुढे माणसापेक्षा उंच असा वाळूचा मेरू, हिरव्या वेलींनी झाकलेला. पलीकडून लाटांचा आवाज तेवढा येत होता. फोटो गच्चीवरून काढला होता म्हणे. "फसवलं की गं आपल्याला," आमच्यातली एक म्हणाली. घराची मालकीण (गावात सगळे तिला काकी म्हणतात, म्हणून आम्हीही) चहा घेऊन येत होती, तिने ते ऐकलं. वाळूच्या उंचवट्याकडे हात करून एवढंच म्हणाली, "तो आसा म्हणून घर आसा गो."

हे वाक्य तेव्हा आम्हाला कळलं नाही. कळायला तीन दिवस लागले. सुट्टीत समुद्रकाठी घर घेऊन राहण्याचं वेड आता आपल्या सगळ्यांनाच लागलंय, म्हणून जे कळलं ते इथे सांगते.

समोर होती ती वाळूची टेकडी. पावसाळ्यात खवळलेल्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध तयार होतो. पाऊस सरला, समुद्र शांत झाला की त्याच लाटा ती वाळू हळूहळू परत आणून टाकतात. म्हणून जानेवारीत जो किनारा मैदानासारखा रुंद दिसतो, तो जुलैत अरुंद पट्टी होऊन बसतो. जाहिरातीतले फोटो कोणत्या महिन्यात काढलेले असतात ते आता तुम्हीच ओळखा. परत आलेली वाळू उन्हात सुकते, वाऱ्याने उडते आणि वेलींच्या पानांत, गवताच्या मुळांत अडकते. वर्षानुवर्षं असं साठत जाऊन टेकडी होते. मोठं वादळ आलं की समुद्र आधी या साठ्यातून उचल करतो आणि घरापर्यंत पोचायच्या आत त्याचा जोर संपतो. टेकडी सपाट करून तिथे सिमेंटची भिंत घातली तर लाट भिंतीवर आपटून मागे फिरते आणि जाताना भिंतीच्या पायाचीच वाळू खरवडून नेते. मग भिंत असूनही किनारा जातो.

ही वाळू धरून ठेवणाऱ्या वेलीचं मराठी नाव आहे मर्यादवेल. पानं आपट्यासारखी दोन भागांत फाकलेली, फुलं जांभळट-गुलाबी. समुद्राने इथवर यायचं, पुढे नाही, अशी ती मर्यादा. आपल्या भाषेत कुणी तरी हे नाव ठेवलं तेव्हा त्याने किनाऱ्याकडे किती नीट बघितलं असेल! आम्ही मात्र पहिल्याच संध्याकाळी त्या वेलीवरून थेट चढून पलीकडे गेलो. दुसऱ्या दिवशी काकीने बाजूची पायवाट दाखवली. वेल एका जागी तुडवून मेली की तिथे वाळू उघडी पडते, वारा तिथूनच खिंड पाडायला लागतो.

कायदाही याच टेकडीभोवती फिरतो. किनारपट्टीवरची बांधकामं नियंत्रित करणारी केंद्र सरकारची पहिली अधिसूचना १९९१ ची, नंतर २०११ आणि २०१९ ला नव्या आल्या. २०११ च्या अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे गोव्यातले चार किनारे कासवांची विणीची ठिकाणं म्हणून नावानिशी घेतले आहेत. वाळूच्या टेकड्या तर सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात येतात. त्यामुळे एखादं घर पाण्यापासून दहा पावलांवर आणि नवं कोरं असेल, तर खुश होण्याआधी ते तिथे कसं काय उभं राहिलं हे विचारावं. गोव्यात पर्यटकांना घर भाड्याने द्यायचं तर पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, त्यासाठी १९८२ चा कायदा आहे. नोंदणी आहे का, एवढा एक प्रश्न फोनवर विचारायला काहीच पैसे पडत नाहीत. काकीचं घर तिच्या सासऱ्यांनी बांधलेलं, कौलारू. पाण्यापासून चांगलं लांब, टेकडीच्या आडोशाला. जुन्या लोकांना समुद्र बघत चहा प्यायची हौस नव्हती, वाऱ्यापासून वाचायची गरज होती.

आता जे सांगायचंय ते जरा लाजतच सांगते.

शुक्रवारी आमच्यातल्या एकीचा वाढदिवस होता. बेळगावहूनच दिव्यांच्या माळा नेल्या होत्या. त्या व्हरांड्यावर लावल्या, सुरूच्या झाडांवर लावल्या आणि उरलेली एक टेकडीच्या माथ्यावरच्या कुंपणाला गुंडाळली. फोटो भारी आले! काकी नऊलाच झोपली होती. आम्ही दोन वाजेपर्यंत गाणी म्हणत बसलो आणि माळा तशाच पेटत्या ठेवून झोपलो.

सकाळी किनाऱ्यावर वनखात्याचे कासवांची राखण करणारे दोन जण उभे होते. त्यांनी आम्हाला वाळूतली खूण दाखवली. छोट्या ट्रॅक्टरचं चाक फिरावं तशी रेघ पाण्यातून वर आली होती, आमच्या टेकडीच्या दिशेने वीसेक पावलं सरळ आलेली, मग अर्धवर्तुळ घेऊन परत पाण्यात गेलेली. खड्डा नाही, अंडी नाहीत. "आली आणि फिरली," त्यातले वयस्कर म्हणाले. ते रागावले नाहीत. आमच्या कुंपणावरच्या माळेकडे एकदा बघितलं फक्त. रागावले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं.

ही ऑलिव्ह रिडले जातीची कासवं. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत मागच्या पायांनी दीडेक फूट खोल खड्डा करते, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी शंभरेक अंडी घालते, वाळू लोटून अंगाने थापते आणि तासाभरात परत जाते. पुन्हा बघायला येत नाही. पुढचे ४५ ते ६० दिवस वाळूची ऊबच अंडी उबवते. पिल्लू नर होणार की मादी हेही त्या वाळूच्या तापमानावर ठरतं, जास्त उबेत माद्या जास्त. किनाऱ्यावर उजेड आणि हालचाल दिसली की मादी बिचकते आणि अंडी न घालताच मागे फिरते. दुसऱ्या रात्री परत प्रयत्न करते, पण पोटात अंडी घेऊन किती वेळ फिरणार?

पिल्लांचं याहून अवघड. ती बहुधा रात्रीच वाळूतून वर येतात आणि समुद्र कुठे आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. त्यांना एवढंच कळतं, की जिकडे क्षितिज खाली आणि उजळ तिकडे जायचं. हजारो वर्षं हे बरोबर होतं, कारण पाण्यावर चांदण्यांचा उजेड चमकतो आणि मागची टेकडी काळी दिसते. आता काळोखाच्या बाजूलाच दिवे लागले. पिल्लं उलटी जमिनीकडे चालत सुटतात आणि सकाळपर्यंत कुत्रे, कावळे नाही तर ऊन त्यांना गाठतं. हजारात एखादं पिल्लू मोठं होतं असं मानतात, त्यातही आपण असा हातभार लावायचा! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या कासवाला वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत ठेवलंय. अंड्यांना हात लावणं गुन्हा आहे, पण कुंपणावर माळ लावणाऱ्या चार पोरींना रात्री दोन वाजता कोण अडवणार?

माळा आम्ही तिथेच काढल्या. शनिवारपासून संध्याकाळ झाली की समुद्राच्या बाजूच्या खिडक्यांना पडदे, व्हरांड्यातला दिवा बंद, जेवण मागच्या अंगणात. खरं सांगू? अंधारात डोळे सरावल्यावर जेवढे तारे दिसले तेवढे मी आयुष्यात बघितले नव्हते.

काकीचा दुसरा नियम पाण्याचा होता. न्हाणीत शॉवर होता, पण तिने बादली ठेवली होती. आम्हाला वाटलं, विजेची काटकसर. तसं नव्हतं. समुद्राकाठच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण खारं पाणी जड. भूजलाचा ढोबळ हिशोब असा की समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडं पाणी साठलेलं असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी मिळतं. ऐकायला छान वाटतं, पण हाच हिशोब उलटा लावून बघा. उपसा करून वरची पातळी १० सेंटिमीटर खाली गेली की खालचं खारं पाणी ४ मीटर वर यायला बघतं. काकी म्हणाली, पूर्वी मे महिन्यातही विहीर गोडी असायची, आता एप्रिललाच पाणी मचूळ लागतं. आजूबाजूला खोल्या वाढल्या, बोअर वाढल्या. मोपाचा विमानतळ याच तालुक्यात आहे, २०२३ च्या जानेवारीपासून तिथून विमानं सुरू झाली. त्यानंतर गावात रोज कोण ना कोण जमीन विचारायला येतं म्हणे. आपण सुट्टीत तीन दिवस शॉवरखाली उभे राहतो, विहिरीत मीठ एप्रिलमध्ये उतरतं, तेव्हा आपण घरी असतो.

एक गंमत सांगायची राहिली. काकी घरात कोंकणी बोलते आणि सकाळी चष्मा लावून मराठी पेपर वाचते. पेडणे तालुका १८व्या शतकाच्या शेवटापर्यंत सावंतवाडीकरांकडे होता, पोर्तुगिजांकडे उशिरा गेला. भजन, नाटक, पेपर मराठीत आणि भांडण कोंकणीत, असं तिथलं गणित. आपल्याकडे बेळगावात मराठी-कन्नडचं जसं, तसंच काहीसं. ताई म्हणाली, "म्हणूनच मला इथे परकं वाटेना."

शनिवारी सकाळी भरतीचा हिशोबही शिकलो. रापण ओढणाऱ्या एका आजोबांनी शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. त्या दिवशी शुद्ध चतुर्थी होती, चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती, रात्री पुन्हा तीनच्या सुमारास, आणि सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. मिनिटाला मिनिट नाही, पण अंदाज पक्का. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी जास्त वर चढतं आणि जास्त मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. मोबाईलवर भरतीची वेळ बघता येते हे खरं, पण कॅलेंडर बघून सांगितलं की भाव खाता येतो!

रापण म्हणजे भलंमोठं जाळं. होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ घेऊन येते आणि किनाऱ्यावर दोन्ही टोकांचे दोर माणसं ओढतात. त्या दिवशी तारली निघाली, थोडे बांगडे. ओढणाऱ्यांचे वाटे ठरलेले असतात. आम्हीही ओढलं, दहा मिनिटांत तळहात सोलले. १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासळी ओरबाडू लागले तेव्हा गोव्यातल्या रापणकारांनी मोठा लढा दिला, आणि १९८० साली किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखणारा कायदा झाला. रापणीला मोकळी, सपाट वाळू लागते. खुर्च्या आणि छत्र्या मांडलेल्या किनाऱ्यावर रापण ओढता येत नाही, हे आजोबांनी हसत सांगितलं, पण हसण्यासारखं नव्हतं ते.

पोहण्याबद्दल एकच गोष्ट, कारण दरवर्षी आपल्यासारखीच कॉलेजची पोरं बुडाल्याची बातमी येते. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जाताना एका अरुंद वाटेने जोरात आत जातं. ती वाट वरून शांत दिसते, दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्ये गुळगुळीत पट्टा. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे हात मारायचे नाहीत, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि मग लाटांबरोबर आत यायचं. आणि सगळ्यात आधी, जीवरक्षकाने लाल बावटा लावलाय का ते बघायचं.

रविवारी गाडी काढून उत्तरेला गेलो. हरमलला खूप गर्दी. डोंगराच्या कडेने दुकानांमधून चालत गेलं की पलीकडे समुद्राला लागूनच गोड्या पाण्याचं तळं आहे, ते मात्र बघण्यासारखं. पुढे केरी. तिथे तेरेखोल नदी समुद्राला मिळते आणि फेरीबोटीत गाडी घालून पलीकडे जाता येतं. आम्हाला वाटलं, नदी ओलांडली की महाराष्ट्र. पण नाही! नदीपलीकडचा तेरेखोलचा किल्ला आणि भोवतीचं छोटं गाव अजून गोव्यातच. १७व्या शतकात सावंतवाडीकरांनी बांधलेला हा किल्ला १७४६ ला पोर्तुगिजांनी घेतला, तेव्हापासून तो तुकडा तसाच तिकडे राहिला. आत सेंट अँथनीचं चर्च आहे, बाकी किल्ल्यात आता हॉटेल. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रही इथे शिरले आणि त्यांनी तिरंगा फडकवला होता. गोवा मुक्त झाला १९६१ च्या १९ डिसेंबरला, म्हणजे त्यानंतर सात वर्षांनी. तटावर उभं राहिलं की खाली केरीची पांढरी वाळू आणि नदीचं हिरवट पाणी समुद्रात मिसळताना दिसतं.

तिथून रेडी आणि रेडीहून शिरोडा. साहित्य मंडळाच्या पोरींनी शिरोडा न बघता परत यायचं म्हणजे काय! वि. स. खांडेकर १९२० मध्ये या गावात शाळामास्तर म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. त्यांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' १९३० ची, म्हणजे शिरोड्याच्या दिवसांतलीच. त्याच वर्षी मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरं अजून आहेत. आम्ही गेलो तेव्हा खाचरांत उथळ पाणी आकाशासारखं चमकत होतं आणि कडेला मिठाच्या पांढऱ्या राशी होत्या. अभ्यासक्रमात खांडेकर म्हणजे ध्येयवाद, रूपक, सुभाषितं असं आपण पाठ करतो. मिठागराच्या बांधावर उभं राहून मला वेगळंच काही वाटलं. ज्या गावात माणसं दिवसभर उन्हात खारं पाणी कोंडून चिमूट चिमूट मीठ काढतात, त्या गावातल्या मास्तरला गरिबी पुस्तकात शोधावी लागली नसणार. जवळच आरवली, वेतोबाचं देऊळ आणि जयवंत दळवींचं गाव. वेतोबाला भक्त केवढाल्या चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि वहाणा झिजतात अशी श्रद्धा! वेळागरच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात बसून डबा खाल्ला आणि अंधार पडायच्या आत फेरीबोट गाठली.

सोमवारी पहाटे काकीने दार वाजवलं. "येया, बेगीन!" आम्ही चपला न घालताच पायवाटेने धावलो. टेकडीच्या पायथ्याशी, आमच्या कुंपणापासून जेमतेम तीस पावलांवर, तीच ट्रॅक्टरच्या चाकासारखी खूण. यावेळी एक आलेली आणि एक गेलेली, मध्ये थापून सारखी केलेली वाळू. राखणदार बांबू रोवून जाळी बांधत होते. ती शुक्रवारचीच होती की दुसरी कुठली, ते काही सांगता येत नाही असं ते म्हणाले. आम्ही विचारलं म्हणून त्यांनी जाळीवरच्या पाटीवर तारीख लिहिताना खडू आमच्यातल्या वाढदिवसवालीच्या हातात दिला.

घर सोडताना दिव्यांच्या माळा काकीकडेच ठेवल्या, चवथीला गणपतीपुढे लाव म्हटलं, घराच्या आत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमची इंटर्नल चालू होती. भाषाशास्त्राच्या पेपराला बसायच्या आधी फोन बंद करताना काकीचा मेसेज दिसला, मराठीत, सगळं एका ओळीत : रात्री ब्याण्णव गेली, सगळी पाण्यात, लाईट कोणाची नव्हती.